मनीचा माज

सहामाही परीक्षेचे पेपर तपासताना मला दरवर्षी पंधरा-वीस मांजरे भेटतात. ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय घातला, की वर्गातली निम्मी मुले बैलावर लिहितात, काही कुत्र्यावर आणि उरलेली मांजरावर. ही कागदावरची मांजरे मोठी गुणी असतात. त्यांचे डोळे घारे असतात, ती उंदीर पकडतात, बशीतले दूध पितात आणि ‘म्हणून मला मांजर फार आवडते’ एवढे वाक्य होईपर्यंत मुकाट्याने बसून राहतात. नर तो बोका, हे मुलांना ठाऊक असते. मादीला भाटी म्हणतात, हे मात्र मला दरवर्षी फळ्यावर लिहून द्यावे लागते. शब्द मी लिहून देत होतो खरा. पण भाटी म्हणजे काय, हे मला स्वतःला कळायला वयाची त्रेचाळीस वर्षे जावी लागली.

आमचे घर धर्मापुरीच्या जुन्या वस्तीत, किल्ल्याच्या अंगाला आहे. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, माळवदाला उजेडासाठी ठेवलेले साणे. मागच्या वर्षीच्या दिवाळीत, ऐन फराळाच्या धांदलीत, याच साण्यातून मनी आमच्या स्वयंपाकघरात उतरली. तेव्हा ती एवढीशी होती. चकलीच्या सोऱ्यावरून उडी मारताना ती पिठात पडली आणि पांढरी होऊन बाहेर आली. त्या एका पराक्रमावर माझ्या मुलीने तिला घरात ठेवून घेतले. मुलगी सातवीत आहे. तिचा निकाल घरात अखेरचा असतो.

संक्रांत गेली, थंडी सरली, फाल्गुन उजाडला. मी त्या वेळी एका कादंबरीच्या शेवटाशी झुंजत होतो. नायक मुंबईस गेलेला, नायिका गावात एकटी, आणि मी तिचा विरह लिहीत होतो. अकरा पाने झाली होती. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. सगळे घर निजले होते, आणि एकाएकी माझ्या पायाशी कोणीतरी असा टाहो फोडला की माझ्या हातून पेन पडले. तान्ह्या मुलाचे रडणे, म्हाताऱ्या माणसाचे कण्हणे आणि गंजलेल्या दाराची कुरकुर एकत्र केली, तर त्या आवाजाची थोडी कल्पना येईल. मनी जमिनीवर लोळत होती. मध्येच उठून टेबलाच्या पायाला गाल घाशी, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर उचली, मागच्या पायांनी जागच्या जागी पावले टाकी, शेपूट एका बाजूला घेई आणि पुन्हा तोच टाहो.

“हिला काहीतरी चावलं,” सौ. उठून येत म्हणाली. तिने दिवा लावून मनीचे पाय तपासले, पोट दाबून पाहिले, ओव्याचे पाणी पुढे ठेवले. मनीने ओव्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आईने अंथरुणातूनच सांगितले, “रात्रीचं मांजर रडणं बरं नसतं. दृष्ट काढ तिची.” आणि खरोखरच, रात्री बारा वाजता, मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन माझ्या पत्नीने एका मांजराची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आम्हां सर्वांना लागला, मनीला नाही.

तीन रात्री असे चालले. चौथ्या दिवशी सकाळी शेजारचे मामा ताक न्यायला आले. मामांच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, आणि जनावरांच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा मानतात. त्यांनी उंबऱ्यातूनच मनीकडे एकदा पाहिले.

“मास्तर, तिला काय झालंय म्हणता? माजावर आलीय ती.”

घरात एकदम शांतता झाली. सौ. चुलीकडे वळली. मी मुलीकडे पाहिले, मुलीने माझ्याकडे पाहिले, आणि मी मामांना हवापाण्याविषयी काही विचारले. आता गंमत पाहा. याच मामांची म्हैस माजावर आली, की ते चार घरे ओलांडून ओरडून सांगतात. कधी आली, कधी भरवली, गाभण राहिली की उलटली, याची चर्चा पारावर, पोरासोरांसमोर, बायाबापड्यांसमोर खुशाल चालते. त्यात कोणाला लाज वाटत नाही. कारण त्या माजाच्या पुढे वासरू आहे, दूध आहे, डेअरीचे पैसे आहेत. मांजराच्या माजापुढे काहीच नाही. ज्यातून चार पैसे निघतात त्याला आपण निसर्ग म्हणतो, आणि ज्यातून निघत नाहीत ते आपल्याला अश्लील वाटते.

दुसरी गोष्ट त्या शब्दाची. मी मराठी शिकवणारा माणूस. पण ‘माज’ या शब्दाने आमच्या घरात काय करून ठेवले, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. मामांनी तो शब्द गोठ्यातल्या अर्थाने उच्चारला. आईने तो नेहमीच्या अर्थाने उचलला. “माज आलाय होय! खाऊनपिऊन माज आलाय!” एकदा माज म्हटला, की तो उतरवणे ओघाने आलेच. त्या दिवसापासून मनीचे दूध बंद झाले. ओरडली की अंगावर पाण्याचा तांब्या, आणि एकदा — हे लिहिताना हात थोडा अडखळतो — मी स्वतः तिला केरसुणीने मारले. तिने माझ्या हस्तलिखिताच्या गठ्ठ्यावर मुतून ठेवले होते. विरहाची अकरा पाने भिजली होती. मला तो निव्वळ उद्धटपणा वाटला. आजारी जिवाला कोणी मारीत नाही. माजलेल्याला मारायला मात्र आपल्याला अर्थातच हक्क पोचतो.

त्याच रात्री ती साण्यातून निघून गेली. माळवदावर दोन बोके होते. त्यांची भांडणे आम्ही पहाटेपर्यंत ऐकली. दोन दिवसांनी मनी परत आली, बशीभर दूध प्यायली आणि गाढ झोपली. टाहो संपला होता. “उतरला माज,” आई समाधानाने म्हणाली.

मांजराला पोटुशी राहिल्यापासून नऊ आठवडे लागतात. वैशाखात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोक्यात, मनी व्याली. तीन पिल्ले: एक काळे, एक पिवळे आणि एक राखी रंगाचे, ज्याच्या शेपटीचे टोक पांढरे होते. मुलीचे ते दिवस कसे गेले, ते सांगत बसत नाही. ज्या घरात पिल्ले झाली आहेत आणि शाळेला सुट्टी आहे, त्या घरातल्या कोणालाही ते ठाऊक असेल. तिने एक वही केली होती. डोळे कोणत्या दिवशी उघडले, खोक्याबाहेर पहिले कोण पडले, हे सगळे तीत होते.

महिना झाला. पिल्ले घरभर धावू लागली, तांदळाच्या डब्यामागे घाण करू लागली. आई म्हणाली, “आता ही सोडून ये.” आमच्याकडे समजूत अशी, की हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते. म्हणून मारायचे कोणी नाव काढीत नाही. सोडायचे मात्र सर्रास सोडतात. सोडल्यावर त्याचे काय झाले, हे काशीचा हिशेब ठेवणारा विचारीत नाही, असे आपण धरून चालतो. (सरकारचा कायदा याबाबतीत काशीपेक्षा कडक आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हे मी पुढे वाचले.) मुलगी मामाकडे अंबाजोगाईला गेली होती, तो दिवस मी साधला. टोपलीत तिन्ही पिल्ले घातली, वर फडके बांधले आणि संध्याकाळी किल्ल्याच्या तटाखाली, झुडपांच्या आडोशाला, एक वाटीभर दूध ठेवून ती सोडून आलो. सकाळी राहवले नाही म्हणून पुन्हा गेलो. वाटी उपडी पडली होती. पिल्ले नव्हती.

मुलगी परत आली तेव्हा मी सांगितले, “एका चांगल्या घरी दिली. शेतावरचे लोक आहेत.” तिने वहीत तसेच लिहून ठेवले.

मनीने तीन दिवस घराचा कोपरा न् कोपरा हुंगला. या वेळचा आवाज निराळा होता; बारीक, विचारल्यासारखा. तो ऐकून मात्र कोणी तिच्या अंगावर पाणी टाकले नाही.

आणि मग, आषाढाच्या तोंडाला, ज्याची आम्हांला कल्पनाही नव्हती ते झाले. मनी पुन्हा लोळू लागली. पुन्हा तोच टाहो.

शाळेतल्या एका स्नेह्याने मला सल्ला दिला, की औषधाच्या दुकानात बायकांच्या गोळ्या मिळतात, त्यातली अर्धी दुधात घालावी; त्यांच्या चुलत्याने तसे केले होते. मी गोळ्या आणल्यादेखील. सौ.ने त्या माझ्या हातातून काढून घेतल्या. “अहो, माणसाचं औषध एवढ्याशा जिवाला? आधी विचारा कुणाला तरी.” विचारायचे कोणाला, हाच प्रश्न होता, कारण विचारायचे म्हणजे तो शब्द उच्चारणे आले.

योग असा, की त्याच आठवड्यात मामांच्या म्हशीला भरवण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. काम झाल्यावर ते गोठ्याबाहेर हात धूत होते. मी जवळ जाऊन, घसा साफ करून, फार आडवळणाने, आमच्या घरच्या मांजराचा विषय काढला. डॉक्टर हसले नाहीत, मामा हसले. “बघा डॉक्टर,” ते म्हणाले, “आमच्या म्हशीचा मुका माज. ओरडत नाही म्हणून आमची झोप गेली. मास्तरांचं मांजर ओरडतंय म्हणून त्यांची गेली!”

डॉक्टरांनी मला निंबाखाली बाजेवर बसवून पाऊण तास धडा दिला. त्या धड्यातले बरेचसे मी आजन्म विसरणार नाही. मांजराची मादी पाच-सहा महिन्यांची झाली, की माजावर येऊ शकते. ती वाढत्या दिवसाची जात. उजेड वाढला, की तिचे शरीर जागे होते. थंड मुलखात म्हणून मांजरे हिवाळ्यात गप्प असतात; आपल्याकडे दिवसरात्रीत तेवढा फरक नाही, तेव्हा आपली भाटी वर्षातून केव्हाही माजावर येईल. हा माज साधारण आठवडाभर राहतो. कुत्रीसारखे रक्त जात नाही. आवाज आणि हालचाल एवढीच खूण. आणि मुख्य गोष्ट ही. गाईम्हशीच्या पोटातले बीज ठरल्या वेळी आपोआप सुटते. तिचा माज एका दिवसाचा पाहुणा, फिरून यायचा तो एकवीस दिवसांनी. मांजरीचे बीज सामान्यतः बोक्याशी जोड झाल्याखेरीज सुटतच नाही. बोका मिळाला नाही, की तो माज नुसता विरतो आणि दोन-तीन आठवड्यांत परत येतो. पुन्हा विरतो, पुन्हा येतो.

“ती दुखण्याने ओरडते का?” मी विचारले.

“दुखत नाही. पण तिच्या हातात काहीच नसतं, सर. तिला थांबता येत नाही. तुम्ही मारलं तरी येत नाही.”

मी मारल्याचे त्यांना सांगितले नव्हते.

“आणि पिल्लं किती दिवस पीत होती?”

“महिनाभर. मग... दिली.”

“हां. पिल्लं तुटली, दूध आटलं, की लवकर माजावर येते. वर्षात दोन-तीन वेळा विऊ शकते मांजर.”

म्हणजे तो टाहो, ज्याच्यावर मी रागावलो होतो, तो मीच टोपलीतून नेऊन परत आणला होता. गोळ्यांची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी साफ सांगितले, की त्या गोळ्यांनी गर्भाशयात पू होतो, स्तनांत गाठी होतात. माज चार दिवस दबेल, मांजर मात्र जाईल. ताप-अंगदुखीवर घरात असते ती पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराला विष आहे. उपाय एकच, शस्त्रक्रियेने गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकणे. पण माज चालू असताना तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून हा आठवडा जाऊ द्यावा. तोवर सांभाळा.

तो आठवडा आम्ही सांभाळला. साण्याला मी जाळी ठोकली, मागच्या दाराची फट फळीने बुजवली. सौ.ने आतल्या खोलीत, आवाज कमी येतो तिथे, जुनी गोधडी अंथरली. वाळूचे घमेले दिवसातून दोनदा बदलायचे, कारण घमेले घाण असले की भाटी भिंतीला आणि हस्तलिखिताला जवळ करते. अन्न थोडे थोडे, पण वरचेवर. डोक्यावरून, गळ्याखालून हात फिरवायचा. शेपटीकडे पाठीवरून फिरवायचा नाही, त्याने ती अधिकच पेटते. हे डॉक्टरांनी सांगितलेले मी घरात सांगू शकलो नाही, सौ.ने ते दोन दिवसांत आपले आपणच ओळखले. झोपण्यापूर्वी मुलगी सुतळीला कागदाचा बोळा बांधून तिला तासभर पळवी. त्याने रात्रीची दोन तासांची झोप सर्वांच्या पदरात पडे. दोनच तास, अधिक नाही. या उपायांनी माज थांबतो असे कोणी समजू नये. आठवडा तेवढा ओलांडला जातो, तिलाही आणि आपल्यालाही.

तिसऱ्या रात्री मुलीने विचारले, “बाबा, माजावर येणं म्हणजे काय?”

प्रसंग बिकट होता. आमच्या गावात केदारेश्वराचे देऊळ आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत, आणि बाहेरगावचा पाहुणा आला, की मी त्याला तिथे नेऊन त्या दगडी स्त्रियांच्या अंगलटीविषयी अर्धा तास न संकोचता बोलतो. माझ्या स्वतःच्या पोरीने विचारले, तर मला तहान लागली. शेवटी सौ.च बोलली. हातातली भाजी निवडत, मान वर न करता, तिने चार वाक्यांत सगळे सांगितले: तिचे अंग आई व्हायला तयार झाले आहे, ते तिने ठरवलेले नाही, त्यात तिचा काही अपराध नाही, आणि त्या दिवसांत तिला कोणी रागावू नये. मुलगी बराच वेळ मनीच्या डोक्यावरून हात फिरवीत राहिली. ती चार वाक्ये एकट्या मनीविषयीची नव्हती, हे माझ्या ध्यानात येऊन मी पाणी प्यायला उठलो. आईसुद्धा देवघरात माळ ओढता ओढता थांबली होती. दुसऱ्या दिवशी मनी ओरडली तेव्हा आई एवढेच म्हणाली, “सोसल तेवढं सोस, बाई.”

मुलीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखांना पेन्सिलीने छोटे कान काढून ठेवले. सात दिवस सात जोड्या कान. आठव्या दिवशी मनी सकाळपर्यंत झोपली.

श्रावणात आम्ही तिला परभणीस नेले. तिथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ सालचे, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने वडील. परळीपर्यंत एस.टी. आणि पुढे गंगाखेडवरून आगगाडी. आदल्या रात्री नऊनंतर तिला अन्न द्यायचे नव्हते. ती उपाशी, आम्ही चोरट्यासारखे तिच्यामागे फराळ करणारे. टोपलीचे झाकण सुतळीने बांधले होते. गाडीत समोरच्या बाईंनी विचारले, “कोंबडी आहे का?” मुलगी म्हणाली, “नाही, आमची मनी आहे. तिचं ऑपरेशन आहे.” “कसलं?” मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मुलीने सरळ सांगितले. बाई म्हणाल्या, “बरं करताय. माझं मागच्या वर्षी झालं,” आणि डब्यातली चिवड्याची पुडी तिच्या पुढे केली.

शस्त्रक्रियेला फार वेळ लागला नाही. संध्याकाळी मनी शुद्धीवर आली तेव्हा तिचे पोट भादरलेले होते आणि त्यावर बोटाच्या पेराएवढी टाक्यांची रेघ होती. टाके दहा दिवस ठेवायचे, चाटू द्यायचे नाहीत. सौ.ने जुन्या परकराच्या कापडाचे तिला अंगरखे शिवले, पाठीवर नाडी बांधायचे. ते घालून मनी घरात फिरू लागली तेव्हा आईला हसू आवरेना. माळवदावर बोके अजून आठ-दहा रात्री येत होते. जाळीपाशी बसून, हाका मारून, कंटाळून गेले.

टाके काढून आणले त्या संध्याकाळी मुलगी वही घेऊन माझ्याजवळ आली. “बाबा, त्या शेतावरच्या लोकांना सांगायला पाहिजे ना? त्या पिल्लांत भाट्या असतील तर त्यापण आता सहा महिन्यांच्या होतील. कुठं राहतात ते?”

दुसरी एखादी थाप सुचली असती. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला त्याचा तोटा नसतो. पण मी तिला किल्ल्याची जागा सांगितली, टोपली सांगितली, उपडी वाटीही सांगितली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मनी मात्र नेहमीप्रमाणे माझ्या मांडीवर येऊन बसत होती. तिला त्यातले काही ठाऊक नव्हते, आणि ते मला अधिकच जड जात होते. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगी म्हणाली, “चला, दाखवा मला.”

आम्ही तटाच्या कडेने चालत गेलो. पावसाने झुडपे गच्च वाढली होती. तिने बरोबर दुधाचा तांब्या आणि बशी आणली होती. बशीत दूध ओतून आम्ही दूर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने एक मांजर आले, मग दुसरे. दुसरे राखी रंगाचे होते. शेपूट झुडपात होते, त्याचे टोक दिसेना.

“तेच असेल,” मी म्हणालो.

“उगीच सांगू नका, बाबा,” ती म्हणाली, आणि शेपूट दिसेपर्यंत बसून राहिली.